आमातींच्या घराचे दार

माळव्यातील जुन्या मराठी घरांत माळ्यावर एखादे व्हायोलिन पडून असते. त्याच्या पोटात डोकावले, की क्रेमोनाच्या कोणा थोर कारागिराच्या नावाची चिठ्ठी दिसते आणि घरधनी हरखून जातो. अशी चिठ्ठी बहुधा कारखान्याने नमुन्याची खूण म्हणून डकवलेली असते, हे सांगण्याचे जिवावरचे काम आमच्यावर येते.

खरे क्रेमोना इटलीत, पो नदीच्या काठी. सोळाव्या शतकात तेथे आन्द्रेआ आमाती याने व्हायोलिनला जो घाट दिला, तो आजही फारसा पालटलेला नाही. फ्रान्सच्या नवव्या चार्ल्स राजासाठी त्याने घडविलेली काही वाद्ये अद्याप शिल्लक आहेत. त्याच्यामागून अंतोनिओ व जिरोलामो हे पुत्र, नंतर जिरोलामोचा मुलगा निकोलो. वरची पाटी स्प्रूसची, पाठ मेपलची. कोठे किती तासावे, कोठे किती राखावे, हे बापाच्या हातून मुलाच्या हाती जाई. विद्या उंबऱ्याच्या आतच राहिली.

१६३० साली प्लेगने जिरोलामोला नेले. पस्तिशीही न गाठलेला निकोलो या विद्येचा जवळजवळ एकटाच जाणता उरला.

येथे आम्हांला आमच्या गावातील एक वृद्ध वादक आठवतात. हात असा गोड, की ऐकणाऱ्याने श्वास रोखावा. पण अस्सल चिजा ते मुलापुरत्याच राखीत. आम्हां बाहेरच्यांना अस्ताई मिळे, अंतरा मिळत नसे. मुलगा नोकरीनिमित्त दूर गेला, वाद्य सुटले. बुवा गेले त्या दिवशी ते अंतरेही गेले. त्यांना दोष देववत नाही; घराण्याची रीतच तशी होती. हळहळ मात्र सरत नाही.

निकोलोने निराळे केले. त्याने परक्यांची मुले हाताखाली घेतली. त्यांतला आन्द्रेआ ग्वार्नेरी तर १६४१ च्या सुमारास त्याच्या घरीच राहू लागला. आमच्याकडे शिष्य गुरुगृही राहत, तसाच. पुढे त्याने स्वतःचे घर थाटले आणि मुलांना तीच विद्या दिली.

१७४० मध्ये निकोलोचा मुलगा, धाकटा जिरोलामो वारला आणि आमातींच्या घरातला रंधा थांबला. तीनच वर्षांनी, १७४३ मध्ये, आन्द्रेआ ग्वार्नेरीच्या नातवाने, ज्याला लोक ‘देल जेझू’ म्हणतात त्याने, एक व्हायोलिन घडविले. पुढे पागानिनी त्यावर वाजवी. त्याच्या दणदणीत नादामुळे तो त्याला ‘तोफ’ म्हणे. मृत्युपत्राने त्याने ते आपल्या जिनोव्हा शहराला दिले. तेथे ते आजही आहे, आणि अधूनमधून वाजविलेही जाते.