टोळीच्या तेलातला दुहेरी बंध

अल्कीन शिकवायला इथीनपासून सुरुवात करायची नाही, हे मला गडचिरोलीतल्या सूरजागड डोंगराच्या आसपासच्या गावांतून आलेल्या पोरांनी शिकवलं. इथीन हा वायू. त्याला रंग नाही, तो डोळ्यांना दिसत नाही. पिकणाऱ्या फळातून सुटतो म्हणतात, पण फळ्यावरच्या समीकरणाला त्याचा काही उपयोग होत नाही. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल मात्र एटापल्ली तालुक्यात पोरांच्या ओळखीचं. फुलांचा हंगाम सरला की टोळ पडते; ती फोडायची, वाळवायची, तेल काढायचं. बीच्या गरात निम्म्याच्या आसपास तेलच असतं.

जानेवारीत, सूरजागडच्या ठाकूरदेवाच्या यात्रेच्या सुमारास, हे तेल बाटलीत थिजतं. मे महिन्यात तीच बाटली पातळ. का, हा माझा पहिला तास.

फळ्यावर तीन मेदाम्लांचे वितळणबिंदू लिहितो: ६९, ४५, १३. तिन्ही आम्लांत कार्बन अठराच. स्टिअरिक आम्लात दुहेरी बंध नाही, ते ६९ अंशांच्या आसपास वितळतं. ओलेइक आम्लात नवव्या आणि दहाव्या कार्बनमध्ये एकच दुहेरी बंध, आणि वितळणबिंदू थेट १३ अंशांवर! सरळ बांबूंची मोळी घट्ट बांधली जाते, वाकड्या फांद्यांची पोकळ राहते, हे सरपण आणणाऱ्या पोरांना सांगावं लागत नाही. ओलेइकमध्ये दुहेरी बंधाजवळचे दोन्ही हायड्रोजन एकाच बाजूला असतात, म्हणून साखळी तिथे वाकते. तेच हायड्रोजन विरुद्ध बाजूंना गेले की साखळी जवळजवळ सरळ होते. ते इलायडिक आम्ल, ४५ अंश. अणू तितकेच, बंधही तेच. सिस-ट्रान्सवर यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. टोळीच्या तेलात ओलेइक सगळ्यात जास्त, पण स्टिअरिक आणि पामिटिकही भरपूर, म्हणून ते असं ऋतूप्रमाणे वागतं.

इथून डालड्याकडे जायला फार वेळ लागत नाही. फ्रान्सच्या पॉल साबात्ये यांनी १८९७ च्या सुमारास बारीक निकेलवर इथीन आणि हायड्रोजन एकत्र आणले आणि दुहेरी बंध मिटवला. १९१२ चं नोबेल त्यांना ग्रिन्यार यांच्याबरोबर मिळालं. तेच तंत्र तेलाला लावलं की वनस्पती तूप. पण क्रिया अर्धवट ठेवली, तर निकेलवर चढलेले काही बंध हायड्रोजन न घेताच उतरतात आणि उतरताना सिसचे ट्रान्स होतात. आपल्याकडे तेला-तुपातल्या ट्रान्स मेदावर जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, ती यामुळेच.

निकेलऐवजी आपल्या डोंगरातलं लोखंड चालेल का, हा प्रश्न वर्गात येतोच. सूरजागडचं खनिज हेमेटाइट, म्हणजे लोहाचं ऑक्साइड. इथे हवा असतो मोकळा, बारीक धातू. तेलाशी लोखंडाचं नातं वेगळंच आणि वाईट आहे. हवेतला ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या शेजारच्या कार्बनवर हल्ला करतो, तेल खवट होतं, आणि लोहाचा नुसता अंश असला तरी हे काम वेगाने होतं. म्हणून गंजलेल्या डब्यात तेल ठेवायचं नाही. (ओल्या टोळीच्या तेलाला येणारा वास निराळा. तिथे पाण्याने मेदाचे तुकडे पडतात, दुहेरी बंधाचा त्यात दोष नाही.)

आता दुहेरी बंध ओळखण्याचा प्रयोग. परीक्षानळीत ब्रोमीनचं पातळ पाणी, वर थोडं तेल, बूच लावून जोरात हलवायचं. पाणी फिकं होतं आणि पोरं टाळ्या वाजवतात. मी मात्र त्यांना घाई करू देत नाही. ब्रोमीन पाण्यापेक्षा तेलात जास्त विरघळतो, तेव्हा नुसतं पाणी फिकं झालं याला पुरावा म्हणत नाहीत. शेजारच्या नळीत औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन घ्या. तिथेही पाणी फिकं होतं, पण नारिंगी रंग वरच्या थरात जाऊन बसतो. टोळीच्या तेलात तो दोन्ही थरांतून नाहीसा होतो, कारण ब्रोमीनचे अणू दुहेरी बंधाच्या दोन्ही कार्बनांना जाऊन चिकटतात. हीच समावेशन अभिक्रिया. प्रयोग सावलीत करायचा. उन्हात ब्रोमीन पॅराफिनलाही सोडत नाही.

दुहेरी बंधांचं मोजमाप हवं असेल तर आयोडीन मूल्य आहे: १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन रिचवतं. खोबरेल दहाच्या आसपास, टोळी साठ-सत्तर, जवस १७० च्या वर. क्रिकेटच्या बॅटला जवसाचंच तेल का लावतात, ते या आकड्यात आहे. इतके दुहेरी बंध असलेल्या तेलाचे रेणू हवेत एकमेकांत गुंफतात आणि तेल वाळतं, टोळीचं कधीच वाळणार नाही.

मार्कोव्हनिकोव्हचा नियम मी मग एका तासात उरकतो. इथीन तयार करण्याची पद्धत, म्हणजे इथेनॉल आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल १७० अंशांवर, सांगितली की मागच्या बाकावरून मोहाच्या दारूची सूचना येते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने सूचना बरोबर आहे. पण गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तेव्हा ते समीकरण आम्ही वहीतच ठेवतो.

अकरावीला हायड्रोकार्बन शिकवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच: आपल्या भागात निघतं ते तेल वर्गात आणा, कोकणात कोकमाचं मुठेल, देशावर करडई. आणि पॅराफिनची दुसरी नळी शेजारी ठेवायला विसरू नका.