पाऊलखुणांची साक्ष

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सेंट हेलेन्स हा ज्वालामुखी पर्वत वसंतात गिर्यारोहकांनी गजबजून जातो. १८ मे १९८० रोजी झालेल्या उद्रेकात त्याचा माथा उडाला, ५७ माणसे मृत्युमुखी पडली आणि २,९५० मीटर उंचीचा हा पर्वत २,५४९ मीटरांवर आला. आज त्याचे शिखर म्हणजे ज्वालामुखाची उंच कड होय.

मूळचे सांगलीचे, हळदीच्या पेढीवर वाढलेले आणि नोकरीनिमित्त पोर्टलंडला राहणारे दोघे बहीण-भाऊ एका निरभ्र दिवशी हा पर्वत चढावयास निघाले. ४,८०० फुटांच्या वर जाण्यास लागणारा परवाना त्यांनी आधीच काढला होता. पहाटेच्या अंधारातच त्यांनी सूचिपर्णी अरण्य मागे टाकले. रात्रीच्या थंडीने घट्ट झालेल्या बर्फात बुटांचे पोलादी काटे नीट रुततात. दुपारच्या उन्हाने तोच बर्फ मऊ होतो, पाय खचतात आणि तीव्र उतारावरून ओला बर्फ घसरण्याचे भय वाढते. वसंतातले प्रसन्न ऊन असे दुहेरी असते.

सुमारे १,७०० मीटरांची चढण संपवून दोघे माथ्यावर आले, तेव्हा सूर्य चांगलाच वर आला होता. पूर्वेला ॲडम्स, दक्षिणेला हूड ही हिमशिखरे झळकत होती. ज्वालामुखाच्या आत डोकावायचे तर मात्र आणखी काही पावले पुढे जाणे भाग होते. त्या कडेवर वाऱ्याने लोटलेला बर्फ सज्जासारखा बाहेर झुकून साचतो. वरून तो जमिनीसारखाच भासतो. खाली शेकडो मीटरांची पोकळी असते. २०१० साली असाच बर्फ तुटून एका गिर्यारोहकाचा अंत झाला होता.

पुढे पुष्कळ पाऊलखुणा गेल्या होत्या. भावाने पाऊल उचलले.

“दादा, इथंच थांब.”

“अगं, एवढी माणसं जाऊन आली आहेत.”

“सकाळी गेली असतील. तेव्हा बर्फ घट्ट होता. आणि पायाखाली काय आहे, ते त्यांना तरी कुठं दिसत होतं?”

तो थांबला. ज्यासाठी एवढे श्रम केले, ते ज्वालामुख न पाहताच परतावे लागणार, याचे शल्य त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते. बराच वेळ तो बोलला नाही.

उतरताना त्याला सौद्यातले अण्णा आठवले. दुसऱ्याने भाव चढवला म्हणून त्यांनी आपली बोली कधी वाढवली नाही. पोत्यात हात घालून, हळकुंड मोडून पाहिल्यावरच ते बोलत. पाऊलखूण एवढेच सांगते की, त्या घटकेला बर्फाने कोणाचा तरी भार सोसला. पुढच्या घटकेची हमी ती देत नाही. आणि बर्फाखाली हात घालून पाहता येत नाही. तेथे दोन पावले मागे उभे राहणे, एवढीच पारख माणसाच्या हाती उरते.