पत

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीची पूड करून विकू पाहणाऱ्या हिंगोलीकडच्या तरुणाला आता ज्येष्ठ उद्योजकांचे मार्गदर्शन हवे, असे म्हटले जाते. धंदा मला कळत नाही, पण 'पत' हा शब्द कळतो. अब्रू आणि उधारी, दोन्हींना मराठीत तो एकच पुरतो. बेळगाव सोडाव्या लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी माळाची जमीन दिली. (आपल्या अभ्यासातले 'किर्लोस्कर' मासिक त्याच कारखान्याचे अपत्य!) नांगर कसा करावा, हे राजेसाहेबांनी शिकवले नाही, आपली पत तेवढी उसनी दिली. मोंढ्यातल्या जुन्या अडत्यालाही हे जमेल. पहिली दहा पोती त्याने उधारीवर द्यावीत, आणि आपल्या नांदेडच्या गिऱ्हाइकाला त्या पोराचे नाव कळवावे.