टॉवेलावरचा मोर

नातवाची समजूत घालण्याचे काम घरातल्या सर्वांत निकामी माणसाकडे येते, या न्यायाने ते माझ्याकडे आले. चिरंजीवांचा पुण्याहून फोन. "बाबा, तो शुक्रवारी सोलापूरला येतोय. चांगली नोकरी सोडून खेळणी बनवायला निघालाय. तुम्ही जरा बोला." बत्तीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसून मी जरा बोलण्यापलीकडे काही केले नाही, हे चिरंजीवांना ठाऊक आहे. तेव्हा ही निवड अगदीच चुकीची म्हणता येणार नाही.

नातू आला, पाया पडला, कडक भाकरीचा तुकडा मोडला आणि मी तोंड उघडण्याआधीच म्हणाला, "खेळणी नाहीत आजोबा, गेम."

पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत त्याला काम मिळत होते. पगार आत्ताच्यापेक्षा कमी. काम असे, की अतिमानवी वीरांचा एक मोठा गेम आहे, टीव्हीला जोडायच्या दणकट यंत्रासाठी केलेला. तो हातात धरायच्या चिमुकल्या यंत्रावर आणून बसवायचा.

"याला पोर्ट करणं म्हणतात."

"पोर्ट म्हणजे बंदर. सोलापुरात बंदर कुठलं?" हा विनोद बँकेत खपला असता. नातू नुसता चावत राहिला.

या गेमच्या जातीला म्हणे 'ॲक्शन रोल-प्लेइंग' असे नाव आहे. मला कळले ते एवढे: वीर राक्षसांना बडवत जातो आणि जसजसा बडवतो तसतशी त्याची बढती होते. नवी शक्ती, नवे हत्यार. आम्हांला बढतीसाठी परीक्षा द्याव्या लागल्या आणि बडवण्यासारखी माणसे समोर असूनही हात आवरावा लागला. असो.

माझे बोलणे दहा मिनिटांत संपले. मग मी शेवटचे अस्त्र काढले. नातवाला घेऊन अण्णांकडे गेलो.

अण्णा म्हणजे माझे थोरले बंधू. वय ब्याऐंशी. हयात सोलापूरच्या पूर्व भागात एका चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढण्यात गेली. ग्राफ म्हणजे चौकटींचा कागद. चादरीवर मोर हवा असेल तर तो आधी या कागदावर चौकटी रंगवून काढायचा. एक चौकट म्हणजे एका धाग्याचा निर्णय, वर की खाली. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडायची, ते पत्ते जॅकार्डवर चढवायचे, की खाली मोर विणून निघतो. पुढे कारखान्यात संगणक आला. अण्णांचा आठवड्याचा मोर त्याने दुपारच्या चहाआधी काढून दाखवला. मालकांनी अण्णांना शाल दिली, नारळ दिला आणि घरी पाठवले. तेव्हापासून अण्णांसमोर संगणकाचे नाव काढायची घरात कोणाची छाती नाही. नातवाला तिथे नेण्यामागचा माझा हेतू तुमच्या लक्षात आला असेल. तो फारसा उदात्त नव्हता.

"अण्णा, हा नोकरी सोडतोय. संगणकावर चित्रं हलवणार म्हणतो," मी काडी टाकली.

अण्णांनी भुवया चढवल्या. नातवाने पिशवीतून ते यंत्र काढले. निन्टेंडो स्विच. हे निन्टेंडो जपानातल्या क्योटोचे. १८८९ साली त्यांनी सुरुवात केली ती खेळायचे पत्ते छापून.

"पत्त्यांनीच का?" अण्णा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. माझ्या मोहिमेला इथे पहिला तडा गेला.

पडद्यावर एक मुलगी जुन्या वाड्यांच्या भिंतींवरून धावत होती. नाव राजी. जत्रेत कसरती करणारी. भावाला राक्षसांनी पळवलेले, आणि हातात दुर्गेने दिलेले त्रिशूळ. हा गेम पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सचा. २०१७ साली त्यांचा लोकांकडून पैसे उभारायचा प्रयत्न फसला होता, तरी मंडळी हटली नाहीत. १८ ऑगस्ट २०२० ला राजी सगळ्यांत आधी या हातातल्या यंत्रावर उतरली. मोठ्या यंत्रवाल्यांना ऑक्टोबरपर्यंत वाट पाहावी लागली.

अण्णांनी टेबलाच्या खणातून भिंग काढले आणि ते पडद्याला लावले.

"चौकटीच की बे ह्या! आडव्या किती?"

"बाराशे ऐंशी, आणि उभ्या सातशे वीस."

"बाराशे ऐंशी हुक!" अण्णा माझ्याकडे वळले. "माझा जॅकार्ड चारशेचा होता."

मग मला कोणी विचारले नाही. नातू सांगत होता की २००६ साली मार्व्हल अल्टिमेट अलायन्स नावाचा गेम आला. स्पायडरमॅन, थॉर, कॅप्टन अमेरिका अशा सगळ्या वीरांमधून चौघांची टोळी निवडायची आणि निघायचे. तो गेम बॉय ॲडव्हान्स नावाच्या यंत्रावरही आणला, आणि त्याच्या चौकटी आडव्या दोनशे चाळीस, उभ्या एकशे साठ.

"म्हणजे पंचा," अण्णा म्हणाले. "मग काय केलं? मोर निम्मा केला?"

"नाही. सगळाच नव्यानं काढला. बाजूनं दिसणारा, सपाट."

"शहाणा माणूस! नुसता निम्मा केला की मोराचा कावळा होतो." मालकांनी एकदा चादरीवरचा मोर टॉवेलावर मागितला होता, तेव्हा अण्णांनी पिसाऱ्यातली पिसे पाचावर आणली, पण तुरा आणि डोळा यांना हात लावला नाही. "माणूस डोळ्याकडं बघतो. पिसं कोण मोजतंय?"

त्याच वर्षी तोच गेम सोनीच्या पीएसपीवर आला. तिथे चौकटी जास्त, शिवाय मोठ्या यंत्रांवर नसलेले चार वीर वर घातलेले.

"टॉवेलाला झालर," अण्णा म्हणाले. "गिऱ्हाईक लहान माल बघून नाक मुरडतं, म्हणून लावतात."

मग नातवाने आपले दुखणे काढले. नोकरीआधी कंपनीने परीक्षेसाठी एक तुकडा दिला होता. वीराच्या पाठीवर झगा आहे. मोठ्या यंत्रावर तो झक्क फडफडतो, कारण कापडावरच्या शेकडो बिंदूंचा हिशेब यंत्र क्षणाक्षणाला करते. लहान यंत्राला एवढा हिशेब झेपत नाही. चित्र अडखळते, यंत्र तापते, बॅटरी उतरते. झगा ताठ केला तर वीराच्या पाठीला पत्रा बांधल्यासारखा दिसतो. सोमवारपर्यंत द्यायचा होता.

अण्णांनी खिडकीतून बोट दाखवले. समोरच्या गच्चीवर कोणाची तरी चादर वाळत होती.

"काय बघलालास तिकडं? वरची दोरी बघ. दोरीपाशी कापड हलतंय का?"

"नाही."

"मधे?"

"थोडं."

"सगळा खेळ खालच्या काठाला आहे. मग वरचं मोजता कशाला?"

नातू गप्प झाला. मग त्याने संगणक उघडला. अण्णांच्या घरात, अण्णांच्या टेबलावर! मी वहिनींकडे पाहिले. वहिनी चहाचे भांडे हातात धरून दारातच थांबल्या होत्या. खांद्याजवळचे बिंदू त्याने बांधून टाकले, मधले विरळ केले, खालच्या काठाला तेवढे मोकळे सोडले. तासाभराने झगा हलला. अण्णांनी भिंग लावून पाहिले आणि म्हणाले, "डावा कोपरा जड पडतोय." पुन्हा तासभर.

रात्री चिरंजीवांचा फोन आला.

"बाबा, समजावलंत?"

"अण्णांनी समजावलं."

"मग काय ठरलं?"

"डावा कोपरा हलका करायचा."

पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. मीही काही बोललो नाही. जरा बोलण्याची माझी बत्तीस वर्षांची विद्या त्या दिवशी कामाची नव्हती.

सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसला नातवाला पोचवायला अण्णाही आले. आल्यापासून नातवाच्या पिशवीत शेंगाचटणीची पुडी आणि ग्राफच्या कागदाची गुंडाळी एकत्र आहे, यावर त्यांचा आक्षेप होता. गाडी हलेपर्यंत त्यांनी ती पुडी बाहेर काढायला लावली, तेल पाझरते की नाही ते बोट लावून पाहिले आणि दुसऱ्या कप्प्यात घालायला लावली. गुंडाळीत टॉवेलावरचा मोर होता.