करड्यातलं हळदीकुंकू

पहिला सेन्सर माझ्या हातून गेला तो शेवटच्या पाच मिनिटांत. तीन संध्याकाळी मी तो खरवडत होते. बांबूची काडी तासून टोक चपटं केलेलं, डोळ्याला घड्याळजीचं भिंग, आणि समोर २२ मिलिमीटर रुंद, जेमतेम १५ मिलिमीटर उंच असा सिलिकॉनचा तुकडा. वरचा रंगीत थर भुकटी होऊन निघत होता आणि खालून आरशासारखी राखाडी चकाकी उघडी पडत होती. एक कोपरा राहिला होता. काडी घसरली आणि कडेच्या सोन्याच्या तारांना लागली. या तारा केसाहूनही बारीक असतात आणि सेन्सरला जे दिसतं ते त्यांच्यातूनच पुढे कॅमेऱ्यात जातं. चुरगळलेल्या तारा सरळ करायला माझ्याकडे ना हत्यार होतं ना तेवढा स्थिर हात. मी भिंग काढून ठेवलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

कॅमेरा होता कॅनन ४५०डी, २००८ सालचं मॉडेल. लग्नांच्या कामात त्यानं मला पुष्कळ वर्षं साथ दिली होती. नवा आल्यावर तो कपाटात गेला. त्याला फक्त ब्लॅक अँड व्हाईट करायचं मी ठरवलं तेव्हा एका जुन्या सहकाऱ्यानं विचारलं, ‘अगं, कॅमेऱ्यात तो पर्याय आहेच की. नाहीतर कॉम्प्युटरवर रंग काढून टाक.’ प्रश्न रास्त होता.

मुळात सिलिकॉनला रंग कळतच नाही. सेन्सरवरचा एकेक पिक्सेल म्हणजे पावसात मांडून ठेवलेलं एकेक भांडं. किती प्रकाश साठला एवढंच ते सांगतं. त्याला रंग दाखवायची युक्ती कोडॅकमधल्या ब्राइस बेयर या शास्त्रज्ञाची. तिचं पेटंट त्यांना १९७६ साली मिळालं. प्रत्येक भांड्यावर रंगीत काचेसारखं एक इवलंसं झाकण: निम्म्यांवर हिरवं, पाव हिश्शावर लाल, पाव हिश्शावर निळं. हिरव्याला दुप्पट जागा, कारण आपल्या डोळ्यालाही बारकावे हिरव्यातच जास्त कळतात. माझ्या कॅमेऱ्याचे १ कोटी २२ लाख पिक्सेल. त्यांतले साधारण ६१ लाख फक्त हिरवं मोजतात, ३० लाखांच्या आसपास लाल, तेवढेच निळं. उरलेलं शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून भरलं जातं. रंगीत फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याच्या तीन आकड्यांपैकी एकच खरा मोजलेला असतो, दोन अंदाजाचे. अंदाज फार हुशारीचे असतात, आपल्याला चुकूनही कळत नाहीत. पण मग त्यातून रंग काढून टाकायचा म्हणजे अंदाजांचीच सरासरी घ्यायची.

दुसरं कारण मला जास्त जवळचं आहे. मी शिकले ती डार्करूममध्ये. ओर्वोची फिल्म, उटीच्या कारखान्यातला इंदूचा कागद, हायपोचा बोटांना चिकटून राहणारा वास. तेव्हा लेन्सवर पिवळा किंवा लाल फिल्टर चढवला की आकाश गडद व्हायचं, ढग उठून दिसायचे. डिजिटल कॅमेऱ्यावर तोच लाल फिल्टर लावून पाहा: लाल प्रकाश फक्त लाल झाकणाच्या भांड्यांत नीट उतरतो. हिरव्या आणि निळ्या झाकणांखालचे तीन चतुर्थांश पिक्सेल जवळजवळ उपाशी बसतात. म्हणजे ज्या फिल्टरांवर माझी नजर घडली त्यांना या कॅमेऱ्यात जागाच नव्हती.

कारखान्यातून असे कॅमेरे येतात. लायकानं २०१२ साली एम मोनोक्रोम काढला, पेंटॅक्सनं २०२३ साली के-३ मार्क ३ मोनोक्रोम. त्यांच्या सेन्सरवर रंगीत झाकणं मुळात घातलेलीच नसतात, त्यामुळे प्रकाशही जास्त पोचतो. माझ्यासारख्या घरी खरवडणाऱ्यांचं तसं होत नाही. रंगीत थराबरोबर वरची सूक्ष्म भिंगंही निघून जातात. प्रकाश गोळा करून भांड्यात सोडणं हे त्या भिंगांचं काम. त्यामुळे झाकण काढून जे मिळवलं त्यातलं बरंचसं भिंगं गेल्यानं हातचं जातं. हे मी आधी वाचलं होतं. तरीही केलं.

दुसऱ्या वेळी एक मोडका ४५०डी सुट्या भागांच्या भावात मिळवला आणि एकटीनं करायचं नाही असं ठरवलं. आमच्या पेठेत मोबाईल दुरुस्त करणारा एक पोरगा आहे. सेन्सरवरची काच चिकटवलेली असते. ती काढायला गरम हवा नेमकी किती आणि किती वेळ द्यायची हे त्याच्या हाताला ठाऊक होतं, माझ्या नव्हतं. त्यानं काठाकाठानं ऊब दिली, पातळ पातं कोपऱ्यात सरकवलं, थांबला, परत ऊब दिली. ‘ताई, घाई केली की काच तडकते आणि तिचे कण आत पडतात,’ एवढंच बोलला. काच निघाल्यावर आम्ही सोन्याच्या तारांवर एपॉक्सीची बारीक कड घातली आणि ती रात्रभर वाळू दिली. माझा पहिला सेन्सर ज्यानं वाचला असता ते हे एवढंच.

खरवडणं मात्र माझंच. काडी एकाच दिशेनं ओढायची, जोर बोटाचा, मनगटाचा नाही, आणि प्रत्येक दहा-बारा ओढींनंतर भुकटी फुंकणीनं उडवायची. तोंडानं फुंकर घालायची नाही, थुंकीचा एक थेंबही महागात पडतो. सगळ्यात कठीण असतं कुठे थांबायचं ते कळणं. कडेला, तारांच्या जवळ, मी एक पट्टी तशीच रंगीत सोडून दिली. आजही माझ्या प्रत्येक फोटोच्या काठाला बुद्धिबळाच्या पटासारखी बारीक नक्षी येते आणि मी ती कापून टाकते.

पहिला फोटो खिडकीतल्या तुळशीचा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तुळस गुलबट-जांभळी दिसली. डोळ्यावरची झाकणं काढली हे कॅमेऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं. तो नेहमीच्या सवयीनं लाल आणि निळ्याचे आकडे वाढवतो आणि अंदाज बांधत बसतो. म्हणून रॉ फाइलच घ्यायची आणि ती अंदाज न करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची. रॉथेरपीमध्ये त्यासाठी ‘मोनो’ असा पर्याय आहे. तो निवडला आणि तुळशीच्या मंजिरीवरची लव एकेक करून उभी राहिली. इन्फ्रारेड रोखणारी काच मी परत बसवली होती, पण सेन्सरवरची काच गेल्यानं फोकस थोडा सरकला होता. लाइव्ह व्ह्यूमध्ये हातानं फोकस करावा लागतो. मला चालतं.

मग आईला पिवळ्या बल्बखाली बसवलं आणि इथे माझी शिकवणी नव्यानं सुरू झाली. आई ठसठशीत लाल कुंकू लावते. फोटोत ते नव्हतं. म्हणजे होतं, पण कपाळाच्याच करड्यात विरघळलेलं, नीट पाहिलं तर पुसट ठशासारखं. बल्बचा प्रकाश तांबूस, सिलिकॉनला लाल बऱ्यापैकी दिसतं, आणि गव्हाळ कातडीही लाल प्रकाश भरपूर परत पाठवते. कुंकू आणि कपाळ यांत फरक उरलाच नाही.

आमच्याकडे आजीचा लग्नानंतरचा, चाळीसच्या दशकातला स्टुडिओ फोटो आहे. त्यात तिचं कुंकू कोळशासारखं काळं आहे. लहानपणी मला वाटायचं, आजी काळं कुंकू लावत असेल. खरं कारण त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मचं. तिला लाल दिसतच नसे. तशी लाल दिसणारी पॅनक्रोमॅटिक प्लेट १९०६ पासून बाजारात होती. पण लालाला आंधळी असलेली प्लेट लाल दिव्याखाली डोळ्यांनी बघत डेव्हलप करता येते, म्हणून स्टुडिओवाले तिला धरून राहिले. १९३७ साली प्रभातनं ‘कुंकू’ काढला. शांता आपटेंच्या कपाळावरचं ते कुंकू पडद्यावर कुणालाही लाल दिसलं नाही, आणि तरी सगळ्यांनी ते लालच पाहिलं. आईच्या फोटोत मात्र पाहण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

रंगीत फाइल असती तर कॉम्प्युटरवर लालाची पट्टी सरकवून मी कुंकू काळं केलं असतं, पांढरं केलं असतं, हवं तसं. ती सोय मोठी आहे आणि माझ्या रोजच्या कामाला मी तीच वापरते. पण या कॅमेऱ्यात कोणत्या रंगाचा कोणता करडा होणार हे शटर दाबण्याआधी ठरतं आणि नंतर बदलत नाही. व्ह्यूफाइंडरमधून जग रंगीतच दिसत असतं. त्या रंगांकडे मी आता पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वेळ बघते.

सोमवती अमावास्येला हा कॅमेरा घेऊन मी जेजुरीला गेले. सोन्याच्या जेजुरीत रंग न पाहणारा कॅमेरा न्यायचा हे ऐकून घरी कुणालाच पटलं नाही. पायऱ्यांवर भंडारा उधळला जात होता. फिल्टरशिवाय काढलेल्या पहिल्या फोटोंत भंडारा आणि पांढरे सदरे एकमेकांत मिसळून गेले, दळणाच्या गिरणीत असतं तसं सगळं पिठूळ. हळद फक्त निळा प्रकाश गिळते. हिरवा आणि लाल ती उदारपणे परत देते, म्हणून करड्यात ती उजळच येणार. नारिंगी फिल्टर लावला तर आणखी उजळ. दगडी दीपमाळांभोवती धुकं उतरल्यासारखी. सुंदर दिसत होतं, पण ते धुकं होतं, भंडारा नव्हता. त्याला वजन नव्हतं.

मग पिशवीच्या तळाशी असलेला गडद निळा फिल्टर काढला. तो चांगला अडीच स्टॉप प्रकाश खातो. सदरे पांढरेच राहिले, आकाश फिकं झालं आणि हवेतला भंडारा काळा पडला, नांगरटीच्या वेळी उडणाऱ्या मातीसारखा. माणसांच्या मळवटांनी भरलेल्या कपाळांवर काळोख, त्याखाली चमकणारे डोळे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, तेव्हाच्या काचा निळ्यापलीकडे फारसं काही पाहत नसत. त्या काळी जेजुरीला कुणी हा क्षण पकडू शकलं असतं तर त्यांनाही भंडारा असाच मिळाला असता.

त्या दिवशी एक नुकसानही झालं. नगारखान्याखाली उन्हात उभ्या एका म्हाताऱ्या वाघ्याचं मुंडासं माझ्या फोटोत कोरं पांढरं आहे, त्यात एक घडी नाही. रंगीत फाइलमध्ये एक रंग जळला तरी दुसऱ्यात काही शिल्लक असतं आणि सॉफ्टवेअर त्यावरून ठिगळ लावतं. इथे ठिगळाला कापडच नाही. तेव्हापासून मी सगळ्यात उजळ जागा आधी शोधते, एक्स्पोजर तिच्यासाठी ठरवते, आणि सावल्या जिथे जातील तिथे जाऊ देते.

गेल्या महिन्यात आईला पुन्हा बसवलं, या वेळी दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी. मांडीवर आजीचा तो फोटो. फिल्टरांची डबी उघडून मी तिच्यापुढे धरली आणि कोणत्या काचेनं कुंकवाचं काय होतं ते सांगितलं. लालात नाहीसं होईल. पिवळ्यात पुसट. हिरव्यात गडद, पण ओठही काळसर येतील आणि गालांवरचे वयाचे डाग उठून दिसतील.

आईनं डबी हातात घेतली. हिरवी काच उचलून डोळ्याला लावली आणि तिच्यातून आजीच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘डाग दिसू देत,’ ती म्हणाली. ‘कुंकू दिसायला हवं.’

मी हिरवी काच लेन्सवर चढवली आणि तिला मान जरा खिडकीकडे वळवायला सांगितली.