नेकनूरहून तीन बेटे

आमच्या नेकनूरला बेट म्हणजे काय, हे मुलांना भूगोलाच्या पुस्तकातूनच शिकवावे लागते. चारी बाजूंनी पाणी ही कल्पनाच बालाघाटावरच्या माणसाला पटत नाही. एका बाजूने तरी यावे आणि तेही टँकरचे नको, एवढेच आमचे मागणे. बीडला वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आत पाऊस, आणि मुंबईला पावसाळ्याच्या चार महिन्यांतच दोन हजारांवर. तर गेल्या आषाढात, पेरण्या उरकल्यावर, आम्ही सहकुटुंब बेटे पाहायला निघालो. आई, घरच्या मंडळी, दहावीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि आम्ही.

ही हौस आमची नव्हे, आईची. तिचे वय ७६. वडिलांबरोबर कोयता घेऊन तिने वीसेक हंगाम ऊस तोडला. मुंबई तिने पुष्कळदा पाहिली, पण ६ डिसेंबरचीच. दादरला उतरायचे, रांगेत उभे राहायचे, शिवाजी पार्कावर रात्र काढायची, बाबासाहेबांना अभिवादन करून परत. एकदा ती म्हणाली, "गर्दी नसताना एकडाव ने. अन् भंतेजी पावसाळ्यात ऱ्हायचे ती लेणी दाव." डॉक्टरांनी तिला पायऱ्या चढायची मनाई केलेली. घरच्या मंडळींचे म्हणणे, "परगावी आजारी पडल्या तर बोल कुणाला?" दोन महिने हा वाद चालला. अखेर आईनेच निकाल दिला. "पुढच्या साली काय नवे गुडघे येणार हायेत?"

खरे तर वर्षावासात फिरू नये. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहावे, असा नियम भगवान बुद्धांनी घालून दिला, तो कोवळे गवत आणि बारीकसारीक जीव पायाखाली तुडवले जातात म्हणून. मुलाने नेमके हेच काढले. "पप्पा, मग आपण कसे काय चाललो?" आम्ही म्हणालो, आपण गृहस्थ आहोत. उत्तर त्याला पटलेले दिसले नाही.

एसटीचा प्रवास तेवढा स्वस्तात झाला. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत, आणि महिलांना १७ मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट. रात्रभर पावसात काच गळत होती. सकाळी परळला आमच्या बहिणीच्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसे झाली.

वार होता सोमवार. चहा घेऊन गेटवेला निघणार तोच भाचा म्हणाला, "मामा, घारापुरी सोमवारी बंद असते." बरे, मग कान्हेरी? तेही सोमवारी बंद! आम्ही पेशाने कारकून. लोकांच्या अर्जात तारीख चुकली तर अर्ज परत करतो, आणि स्वतः मात्र वाराची चौकशी न करता बायकोमुलांना घेऊन आलो. घरच्या मंडळी काही बोलल्या नाहीत. त्यांचे न बोलणे फार लागते.

पण त्या चुकीनेच आईचे पहिले काम झाले. दुपारी चैत्यभूमीवर गेलो तर मोजून पंधरा-वीस माणसे. पाऊस कोसळत होता. भरतीच्या लाटा मागच्या भिंतीवर फुटत होत्या. ७ डिसेंबर १९५६ रोजी जिथे बाबासाहेबांना अग्नी दिला, तिथे आई अर्धा तास बसून होती. मागून कोणी "पुढे चला" म्हणाले नाही. उठताना म्हणाली, "समुद्राचा आवाज येतो व्हय हितं? आजवर ऐकूच आला नव्हता."

मुलीने नकाशा काढून दाखवले, की आपण बेटावरच मुक्कामाला आहोत. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम अशी ही सात बेटे. इंग्रजांच्या काळात मधल्या खाड्या बुजवून ती जोडली. तेव्हा पहिले बेट आम्ही चहा पितापिताच पाहून घेतले होते.

मंगळवारी गेटवेला दोन तास बसलो. समुद्र खवळलेला, लाँच सोडत नव्हते. अकराच्या सुमारास पाऊस ओसरला आणि शिट्टी झाली. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली आणि १५ जणांचे प्राण गेले. आम्ही ते वाचलेले होते. म्हणून मुलांच्या लाइफ जॅकेटचे पट्टे स्वतः दोनदा तपासले. आई म्हणाली, "ही बंडी मला ढिली व्हतीय." तासभर लाँच अशी हेलकावत होती की घरच्या मंडळींनी डोळे उघडले नाहीत. आई मात्र काठाशी बसून हात पाण्यात घालू पाहत होती.

घारापुरी रायगड जिल्ह्यात उरण तालुक्यात येते. धक्क्यापासून छोटी गाडी, मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या. डोलीवाले आले. आई म्हणाली, "मानसाच्या खांद्यावर? अजून जित्ती हाय मी." ती खालीच एका कणीसवालीपाशी बसली. आम्ही वर जाऊन सहाव्या शतकातले ते प्रचंड शिवलेणे पाहिले. पूर्वेच्या टेकडीवर विटांच्या जुन्या स्तूपाचे अवशेष आहेत. ते पाहायचे मनात होते, पण वाट शेवाळली होती. लांबूनच हिरवी टेकडी पाहिली. खाली आलो तो आईने कणीसवालीची सारी हकीकत काढून घेतलेली. लेणी जगाच्या वारसा यादीत १९८७ ला गेली, पण गावात समुद्राखालच्या केबलने वीज आली २०१८ साली. तोवर जनरेटरवर काही तास उजेड. "आपल्यापरीस बी वंगाळ," आई म्हणाली. मुलाचे कणीस माकडाने नेले.

बुधवारी लोकलने तिसऱ्या बेटावर. साष्टी हेही बेटच. माहीम संपून गाडी मिठी नदीवरून गेली की बेट बदलते. इथला रस्त्याचा पूल १८४५ साली खुला झाला, त्याआधी लोक होडीने ओलांडत. आता डब्यात कुणाचे तिकडे लक्षही नसते.

बोरिवलीच्या उद्यानातून बस कान्हेरीपर्यंत जाते. काळ्या डोंगरावरून पाण्याचे पाट धावत होते. इथे शंभरावर लेणी आहेत. आई मुलीच्या खांद्यावर हात ठेवून एक एक पायरी चढत तिसऱ्या लेण्यापर्यंत आली. व्हरांड्यात दोन्ही टोकांना भगवान बुद्धांच्या उंच उभ्या मूर्ती, साधारण वीस-बावीस फुटांच्या. आत खांबांच्या रांगा आणि शेवटी स्तूप. आम्ही त्रिसरण-पंचशील म्हटले. आवाज घुमून परत येत होता.

बाहेर आल्यावर आई मूर्तीबद्दल काही बोलली नाही. ती एका विहाराजवळच्या कातळातल्या टाकीपाशी थांबली. दगडात बोटभर खोल चर काढून डोंगराचे पाणी त्या टाकीत घेतले होते. दुसऱ्या विहाराशीही तसेच. आम्ही तिला सांगितले, की याला शिलालेखात पोढी म्हणतात, आणि कल्याणच्या एका सोनाराने संघाला अशी पाण्याची पोढी दान दिल्याचे इथे कोरलेले आहे. आई म्हणाली, "एवढा पाऊस पडतो हितं, तरी त्यांनी थेंब जाऊ दिला न्हाई. अन् आपन?" २०१६ च्या उन्हाळ्यात टँकरमागे घागर घेऊन धावताना ती पडली होती, उजवा गुडघा तेव्हापासूनचा. त्या चरावर तिने बोट फिरवून पाहिले. मग तिथेच खाली बसली. आम्ही घाबरलो, पण तिला फक्त चर कुठून येतो ते पाहायचे होते.

उतरताना दोन कॉलेजच्या मुलांनी तिला आधार दिला. परतीच्या एसटीत गुडघे सुजले आणि घरच्या मंडळींनी आमच्याकडे बघितले. चार दिवस शेक चालला.

पाचव्या दिवशी आईने सुताराला बोलावून पत्र्याला पन्हाळ लावून घेतली आणि नळी अंगणातल्या हौदात सोडली. पैसे तिने निराधारच्या पगारातून दिले, आमचे घेतले नाहीत. जोड अजून एका जागी गळतो. तिथे तिने घागर ठेवली आहे.