कोणी सांगितले?

युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सीमा आणि रणगाडे उभे राहतात. गडचिरोलीच्या अरण्यातील संघर्षाला तसली सीमा नव्हती. माणसे मात्र खरोखरच मेली. चंद्रपूरहून पत्रकारितेचे विद्यार्थी आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांच्यापुढे आम्ही प्रथम एकच प्रश्न ठेवतो : हे कोणी सांगितले?

२२ एप्रिल २०१८ रोजी कसनासूर-बोरियाच्या जंगलात झालेल्या चकमकीची वृत्ते आम्ही त्यांना वाचावयास देतो. इंद्रावतीच्या पात्रात मृतदेह सापडत गेले, तसा मृतांचा आकडा वाढत गेला. सारे नक्षलवादी होते, असे पोलिसांनी सांगितले. आमची मुले लग्नाला निघाली होती, असे गट्टेपल्लीच्या ग्रामस्थांनी सांगितले. ती नुकतीच दलममध्ये भरती झाली होती, असे पोलिसांचे त्यावर उत्तर. बातमीदार तेथे नव्हता. मग त्याने ज्याचे म्हणणे त्याच्या पदरी ठेवावे, आणि आपण काय पाहिले नाही तेही लिहावे. ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ एवढे दोन शब्द गळले, की दावा हीच वस्तुस्थिती होऊन बसते.

हा नियम एकाच पक्षापुरता नाही. नक्षलवाद्यांनी कित्येक ग्रामस्थांना ‘खबऱ्या’ ठरवून ठार केले व प्रेताजवळ पत्रके टाकली. त्या पत्रकातील शब्द तपासल्यावाचून मथळ्यात गेला, तर मेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा मारल्यासारखेच होते. १ मे २०१९ रोजी जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या वाहनाचा चालक मृत्यू पावले. विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो, त्या सोळाव्याच्या घरीही जा.

तेथे गेल्यावर भाषा आडवी येते. भामरागड-एटापल्लीकडील आजीबाई माडियात बोलते. दुभाष्या कोणाचा, हेही विचारावे लागते. शिवाय बातमीदार संध्याकाळी परततो, बोलणारी मात्र गावातच राहते. म्हणून कोणी सांगितले हे तुम्हाला ठाऊक असलेच पाहिजे; पण जेथे जिवाला धोका असेल तेथे नाव छापू नये. सत्य सांगणे आणि सत्य सांगणाऱ्याला जपणे, दोन्ही एकाच धर्माची अंगे आहेत.

आठवी आज्ञा खोट्या साक्षीचा निषेध करते. न तपासलेली साक्ष छापणे तिच्या उल्लंघनापासून फार दूर नाही, असे आम्हास वाटते.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने ६० सहकाऱ्यांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. भीती ओसरली की दबलेली तोंडे उघडू लागतात, आणि जो तो आपापली कहाणी सांगू लागतो. अशा वेळी ऐकून घेणारे, पडताळून पाहणारे आणि मग लिहिणारे हात हवेत. ते आपल्याच घरांतून घडावेत, एवढीच आमची इच्छा.